बर्फावरून घसरून कामगार पडला तर पैसे कोण देणार? उत्तर ठरतं तो नेमका कुठे पडला यावर

१२ जानेवारी २०१५. अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य, प्रिन्स्टन शहर. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी आणि त्यात भुरभुर पाऊस. एक कामगार पायी कामाला निघाला होता. वाटेत एका व्यावसायिक इमारतीच्या गाड्या आत-बाहेर करायच्या उतारावर त्याचा पाय बर्फावरून सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

त्याने त्या जागेच्या मालकावर दावा लावला. खटला चढत चढत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० जून २०२१ ला निकाल लागला. पाऊस किंवा बर्फ पडत असताना ते साफ करायची जबाबदारी व्यावसायिक जागेच्या मालकावर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सहा वर्षं वाट बघून कामगाराच्या हातात भोपळा.

आता याच गोष्टीत एकच बदल करून बघा. समजा, तो त्या उतारावर न पडता आपल्याच कंपनीच्या पार्किंगमध्ये पडला असता. तेव्हाही पाऊस सुरूच असता, हाडही तेवढंच मोडलं असतं. पण दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगार मिळण्याचा मार्ग मोकळा असता, आणि त्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्धही करावं लागलं नसतं.

म्हणजे दुखापत किती मोठी आहे त्याआधी कायदा विचारतो, "पडलात कुठे?" अमेरिकेत नोकरी करणाऱ्या हजारो मराठी लोकांच्या हे थेट कामाचं आहे. आणि इथे महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठीही त्यात काहीतरी आहे, कारण कायद्यातलं ज्या वाक्यावरून हा सगळा वाद होतो, ते वाक्य आपल्या कायद्यातही आहे.

नीट समजून घेऊ.

आधी बर्फाचं बघू

मराठीत स्नो आणि आइस या दोन्हीला आपण बर्फच म्हणतो. पण घसरण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक आहे. ताजा भुसभुशीत स्नो दिसतो, त्यात पाय रुततो आणि माणूस आपोआप सावध चालतो. खरा घात करतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ. त्याचा पातळ, पारदर्शक थर डांबरावर बसला की खालचा काळा रस्ता तसाच दिसतो. म्हणूनच त्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात. ओला रस्ता समजून माणूस पाय टाकतो आणि पुढच्या क्षणी आडवा होतो.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार, एकट्या २०१४ मध्ये बर्फ आणि हिमवृष्टीशी संबंधित कामावरच्या ४२,४८० दुखापती अशा होत्या ज्यांत कामगाराला निदान एक दिवस तरी घरी बसावं लागलं. वर सांगितलेला प्रिन्स्टनचा माणूस कामाच्या वाटेवर होता. असे लोक या आकड्यात धरले जात नाहीत.

तिथल्या केंद्रीय सुरक्षा नियमांनुसार कामाच्या ठिकाणी चालायची जागा बर्फापासून मुक्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. पण नियम मोडला म्हणून सरकारने मालकाला दंड करणं वेगळं आणि पडलेल्या माणसाच्या हातात पैसे येणं वेगळं. पैशांसाठी दुसरा कायदा लागतो.

तो कायदा म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत कामावर जखमी झालेल्या माणसाला मालकावर खटला भरावा लागायचा. मालकाकडे तीन हुकमी उत्तरं असायची. एक, चूक तुझीही होती. दोन, चूक तुझ्या सोबतच्या कामगाराची होती, माझी नाही. तीन, या कामात धोका आहे हे माहीत असूनच तू कामाला लागलास. यातलं एक उत्तर जरी लागू पडलं तरी कामगार रिकाम्या हाताने घरी जायचा.

१९११ मध्ये न्यू जर्सीसह काही राज्यांनी यावर तोडगा काढला. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर होते वुड्रो विल्सन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तोडगा म्हणजे सरळसरळ एक सौदा होता. कामावर दुखापत झाली की चूक कोणाची हे विचारायचंच नाही. मालकाने विमा काढायचा आणि विम्यातून कामगाराला उपचार आणि पगाराचा काही भाग मिळायचा. त्या बदल्यात कामगाराने मालकावर नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावायचा नाही.

या सौद्याचा बर्फाच्या बाबतीत फार मोठा फायदा होतो. "बूट चांगले का घातले नाहीत?", "फोनमध्ये बघत चालत होतास का?", "बर्फ तर देवाने पाडला, कंपनीने थोडाच पाडला?" असे प्रश्न इथे एरवी दावा संपवू शकत नाहीत. तुम्ही थोडे बेफिकीर होतात, म्हणून हक्क जात नाही. दारू किंवा नशेमुळेच अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी.

तोटाही आहे. दुखण्याचे, मनस्तापाचे, आयुष्य विस्कटल्याचे पैसे या कायद्यात नाहीत.

मग मिळतं काय?

न्यू जर्सीचंच उदाहरण घेऊ. मिळतात तीन गोष्टी.

पहिली म्हणजे उपचार. अपघाताशी संबंधित सगळा खर्च विमा कंपनी करते. मात्र डॉक्टर निवडायचा अधिकार मालकाचा किंवा त्याच्या विमा कंपनीचा असतो. तातडीची वेळ सोडून तुम्ही परस्पर आपल्या डॉक्टरकडे गेलात, तर ते बिल तुमच्याच गळ्यात पडू शकतं.

दुसरी म्हणजे बुडालेला पगार. सात दिवसांहून जास्त काळ काम करता आलं नाही, तर आठवड्याच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, तीही पहिल्या दिवसापासून. समजा, आठवड्याला १,००० डॉलर पगार आहे, तर ७०० डॉलर मिळतील. याला वरची मर्यादा आहे. राज्यातल्या सरासरी साप्ताहिक पगाराच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही. त्यामुळे आयटीतल्या मोठ्या पगाराच्या माणसाला प्रत्यक्षात ७० टक्क्यांपेक्षा बरंच कमी मिळतं.

तिसरी म्हणजे कायमचं अपंगत्व. इथे कायद्याने शरीराच्या एकेका अवयवासमोर आठवडे लिहून ठेवले आहेत. हाताचा पंजा २४५ आठवडे, पाऊल २३०, पूर्ण हात ३३०, पूर्ण पाय ३१५. पाय २० टक्के निकामी झाला असं ठरलं, तर ३१५ चे २० टक्के म्हणजे ६३ आठवड्यांची रक्कम. वाचायला हे कोरडं वाटतं, पण याच हिशोबाने हे दावे मिटतात.

आता येतो खरा वादाचा मुद्दा.

"काम" सुरू कधी होतं?

हे सगळं मिळायला एक अट आहे. अपघात 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' झालेला असला पाहिजे. हे शब्द मूळचे ब्रिटनच्या १८९७ च्या कायद्यातले. तिथून ते जगभर गेले. भारतातल्या १९२३ च्या कायद्यातही ते आले आणि न्यू जर्सीतही आले.

मशीनवर काम करताना हात अडकला तर वाद नाही. पण बर्फाचे अपघात बहुतेक वेळा मशीनवर होत नाहीत. ते होतात गाडीतून उतरून दारापर्यंत जाताना, सुट्टी झाल्यावर अंधारात गाडीकडे परतताना, बसस्टॉपवरून चालताना. म्हणजे नोकरी आणि घर यांच्या बरोबर मधल्या पट्ट्यात.

न्यू जर्सीच्या कायद्यात याची रेघ अशी होती: कामगार मालकाच्या जागेत पोहोचला की नोकरी सुरू, जागा सोडली की संपली. ज्या भागावर मालकाचं नियंत्रण नाही, तो भाग वगळून. या 'नियंत्रण' शब्दावर वर्षानुवर्षं खटले चालले. त्यातले दोन बघण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग, जानेवारी २०१०. मॉरिस काउंटीच्या एका कर्मचारी महिलेला ऑफिसपासून दोन चौक लांब एका खासगी गॅरेजमध्ये पार्किंग दिलेलं होतं. पार्किंगचे पैसे काउंटीच भरत होती. गाडी लावून ऑफिसकडे जाताना त्या सार्वजनिक रस्ता ओलांडत होत्या आणि लाल सिग्नल तोडून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भरपाई नाही. त्या रस्त्यावर काउंटीचं नियंत्रण नव्हतं.

दुसरा प्रसंग, ३ फेब्रुवारी २०१४. स्पार्टा नावाच्या गावातलं सार्वजनिक ग्रंथालय बर्फाच्या वादळामुळे लवकर बंद केलं. तिथल्या ग्रंथपालबाई पतीसोबत पार्किंगमधून गाडीकडे निघाल्या होत्या. तेवढ्यात बर्फ उपसणाऱ्या गाडीची त्यांना धडक बसली आणि पायाला गंभीर दुखापत झाली. ती गाडी त्याच गावाच्या प्रशासनाची होती आणि पार्किंगही प्रशासनाचंच. तरी खटला आठ वर्षं चालला. पहिल्या न्यायाधीशांनी भरपाई मान्य केली, अपील न्यायालयाने ती रद्द केली आणि शेवटी १८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बाईंच्या बाजूने निकाल दिला.

गंमत म्हणजे या निकालाच्या आठच दिवस आधी, १० जानेवारी २०२२ ला, कायदाच बदलला होता. नव्या तरतुदीनुसार मालकाने पार्किंगची जागा दिली असेल किंवा ठरवून दिली असेल, तर कामगार त्या पार्किंगमध्ये आला की नोकरी सुरू होते आणि तिथून बाहेर पडला की संपते. पार्किंग लांब असेल, तर तिथून थेट कामाच्या जागेपर्यंतचं चालणंही यात धरलं जातं.

म्हणजे मॉरिस काउंटीतला तो अपघात २०२२ नंतर झाला असता, तर उत्तर बहुधा उलट आलं असतं. जखम बारा वर्षं आधी झाली, एवढाच काय तो फरक.

आणि रस्त्यावर पडलात तर?

घर ते ऑफिस हा प्रवास अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नोकरीचा भाग मानला जात नाही. तिथे याला 'जाण्या-येण्याचा नियम' म्हणतात. तुमच्या घरासमोरच्या फूटपाथवर, बसस्टॉपवर किंवा रेल्वे स्टेशनच्या पायऱ्यांवर घसरलात, तर मालकाच्या विम्यातून साधारणपणे काही मिळत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते माहीत असणं महत्त्वाचं आहे. मालकाने तुम्हाला नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे कामासाठी पाठवलं असेल, प्रवासाच्या वेळेचा पगार तो देत असेल, किंवा कंपनीच्या गाडीतून कंपनीच्याच कामाला निघाला असाल, तर ती वाट नोकरीत मोजली जाऊ शकते. एरवी ऑफिसात बसणाऱ्या माणसाला साहेबाने क्लायंटकडे पाठवलं आणि क्लायंटच्या दारात तो घसरला, तर "आमची जागा नव्हती" एवढं म्हणून मालकाला सुटता येत नाही.

मग जागेच्या मालकावर दावा लावता येतो का?

येतो. मालकावर दावा न लावण्याचा सौदा फक्त मालकापुरता आहे. तुम्ही ज्या इमारतीच्या आवारात पडलात तिचा मालक, बर्फ साफ करायचं कंत्राट घेतलेली कंपनी, या सगळ्यांवर वेगळा दिवाणी दावा करता येतो. कामावर असतानाच पडलात आणि जागा दुसऱ्याची होती, तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनही मिळतं आणि हा दावाही लावता येतो. त्यात जिंकलात तर विमा कंपनी आपण दिलेल्या पैशांतला हिस्सा त्यातून परत घेते.

पण इथे 'चूक कोणाची' हा प्रश्न परत येतो. प्रिन्स्टनचा कामगार याच प्रश्नावर हरला.

न्यू जर्सीच्या न्यायालयाचं म्हणणं असं होतं की पाऊस-बर्फ सुरू असताना मालकाने दर दहा मिनिटांनी येऊन साफसफाई करावी, ही अपेक्षाच व्यवहारात बसत नाही. वादळ थांबल्यावर वाजवी वेळेत साफ करावं, एवढीच जबाबदारी. न्यायालयाने दोन अपवाद ठेवले. मालकाच्याच वागण्याने धोका वाढला असेल, किंवा बर्फ वादळाच्या आधीपासून तिथे पडून असेल, तर तो जबाबदार राहतो.

या मागचा विचार समजण्यासारखा आहे. पण कामगाराच्या बाजूने बघितलं की त्यातली गोम कळते. वादळ सुरू आहे म्हणून जागेच्या मालकाला थांबायची मुभा आहे. पण वादळ सुरू आहे म्हणून कामावर न जाण्याची मुभा सफाई कामगाराला, नर्सला किंवा गोदामातल्या माणसाला कुठे असते? ज्याला घरी थांबता येत नाही, त्याच्याच वाट्याला हा धोका येतो.

सगळी राज्यं एकाच दिशेने गेलेली नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये पूर्वी नियम होता की बर्फ नैसर्गिकरीत्या साचला असेल तर मालक जबाबदार नाही, माणसाने ढीग लावून साचवला असेल तरच जबाबदार. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदच मोडीत काढला. एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये ग्राहक पडल्याचा तो खटला होता. इतर कुठल्याही धोक्याबाबत जशी वाजवी काळजी घ्यावी लागते, तशीच बर्फाबाबतही घ्यावी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं.

या सगळ्यातून बाहेर कोण राहतं?

सर्वात मोठा गट म्हणजे जे कागदावर 'कर्मचारी' नाहीत. वर्कर्स कॉम्पेन्सेशन कर्मचाऱ्यांसाठी आहे. ॲपवरून खाण्याची पाकिटं पोचवणारा, कंत्राटावर काम करणारा माणूस कंपनीच्या भाषेत 'स्वतंत्र व्यावसायिक' असतो. बर्फ पडला की लोक घराबाहेर पडत नाहीत आणि ऑर्डरी वाढतात. म्हणजे रस्ते सर्वात निसरडे असतात तेव्हाच हा माणूस लोकांच्या पायऱ्या चढत असतो, आणि विम्याच्या बाहेर असतो. कंपनीने लावलेलं नाव न्यायालय डोळे झाकून मान्य करत नाही. कामावर ताबा कोणाचा आणि माणूस त्या कामावर किती अवलंबून, हेही बघितलं जातं. पण त्यासाठी आधी भांडावं लागतं.

दुसरा गट टेक्सासमधला. तिथे खासगी कंपन्यांना हा विमा काढण्याची सक्तीच नाही. विमा नसेल तर कामगाराला मालकावर खटला भरून त्याची चूक सिद्ध करावी लागते. म्हणजे गाडी पुन्हा १९११ च्या मागे जाते. मात्र विमा न घेणाऱ्या मालकाला ती जुनी तीन उत्तरं देता येत नाहीत.

आणि एक गट असा आहे जो आत आहे, पण स्वतःला बाहेरचा समजतो. तो म्हणजे स्थलांतरित कामगार. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे की ज्याच्याकडे अमेरिकेत राहायची कागदपत्रं नाहीत, त्यालाही कामावरच्या दुखापतीची भरपाई मिळते. मग रीतसर व्हिसावर आलेल्याला मिळते हे सांगायलाच नको.

तरीही लोक दावा करत नाहीत. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. "उगाच कंपनीच्या डोळ्यात कशाला यायचं?" असा हिशोब करून माणूस मनगट बांधून तसाच कामाला जातो. दावा केला म्हणून कामावरून काढणं न्यू जर्सीच्या कायद्यात गुन्हा आहे. पण कायदा आणि भीती यांच्यात बऱ्याचदा भीती जिंकते.

तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने काय लक्षात ठेवावं?

न्यू जर्सीत एडिसन आणि आसपासच्या गावांत भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि मराठी कुटुंबंही भरपूर आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असला तरी काही गोष्टी सगळीकडे उपयोगी पडतात.

- पडल्यावर लाजून उठून "काही नाही, काही नाही" म्हणत निघून जाऊ नका. त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा, साधा ईमेलही चालेल. न्यू जर्सीत १४ दिवसांत कळवणं सुरक्षित. ९० दिवस उलटले तर दावाच बाद होऊ शकतो.
- जागेचे फोटो लगेच काढा. पोलिस पंचनामा करतात तसा हा तुमचा पंचनामा. बर्फ दोन तासांत वितळतो आणि पुरावा पाणी होऊन वाहून जातो. मीठ टाकलं होतं का, दिवे चालू होते का, हे फोटोत येऊ द्या.
- घातलेले बूट जपून ठेवा. समोरचा वकील आधी बुटांबद्दलच विचारतो.
- डॉक्टरांना "पडलो" एवढंच सांगू नका. "कामावर, अमुक पार्किंगमध्ये, बर्फावर पडलो" असं सांगा. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर जे लिहिलं जातं, त्यावर पुढे सगळं उभं राहतं.
- कोणी पाहिलं असेल तर नाव आणि नंबर घ्या. कोणी पाहिलं नसेल तर "चक्कर येऊन पडला असेल" असं म्हणायला विमा कंपनी मोकळी असते. स्वतःच्या आजारामुळे पडलेल्याचा दावा अडकतो.
- न्यू जर्सीत औपचारिक अर्ज करायची मुदत अपघातापासून किंवा शेवटची रक्कम मिळाल्यापासून दोन वर्षं. वकिलाला आधी पैसे द्यावे लागत नाहीत. त्याची फी न्यायाधीश ठरवतात.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

आता महाराष्ट्रात येऊ. इथल्या रस्त्यावर ब्लॅक आइस नाही. पण घर ते काम या वाटेवर झालेल्या अपघाताचं काय, हा प्रश्न आपल्याकडेही तोच आहे. आणि त्यावरचा देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनचा आहे.

२२ एप्रिल २००३. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एका वॉचमनची ड्युटी पहाटे तीनला सुरू होणार होती. ते मोटारसायकलवरून निघाले आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेले. मागे पत्नी, चार मुलं आणि आई. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कारण तेच, अपघात कारखान्यात नाही, रस्त्यावर झाला.

२९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' या शब्दांत घर ते कामाची जागा हा प्रवासही येतो, फक्त अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. ईएसआय कायद्यात २०१० मध्येच अशी तरतूद आली होती. तीच मोजपट्टी १९२३ च्या कायद्यालाही लावली गेली. पहाटे तीनच्या ड्युटीसाठी निघालेला माणूस दुसरा कुठे चालला असणार?

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कामाला जाता-येता झालेला अपघात याच अटीवर नोकरीतला अपघात मानला जातो.

म्हणजे कागदावर बघितलं तर या एका मुद्द्यावर भारतीय कायदा न्यू जर्सीच्या पुढे आहे. प्रिन्स्टनच्या त्या कामगाराला जे मिळालं नाही, ते भारतीय कायद्यात त्याला मागता आलं असतं.

पण हे झालं कागदावर. वॉचमनच्या कुटुंबाला त्यासाठी २२ वर्षं लागली. आणि ही दारं कोणासाठी उघडतात? ज्याचा कोणीतरी मालक आहे आणि ते सिद्ध करता येतं, त्याच्यासाठी. मुंबईच्या ससून डॉकवर बघा. मासळी टिकवायला बर्फ फोडला जातो, वितळलेल्या पाण्याने फरशी कायम ओली असते आणि डोक्यावर टोपली घेऊन बायका त्यावरून ये-जा करत असतात. बर्फावरून घसरण्याचा धोका तिथे रोजचा आहे. पण रोजंदारीवर, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे काम करणारी बाई पडली, तर मालक म्हणून बोट कोणाकडे दाखवणार? हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही.

न्यू जर्सीतला डिलिव्हरीवाला आणि डॉकवरची ही बाई यांची अडचण एकच आहे. कायदा विचारतो, "पडलात कुठे?" त्याआधी एक प्रश्न असतो, "तुम्ही कोणाचे कामगार?" त्याचंच उत्तर कागदावर नसेल, तर पार्किंग, रस्ता, वादळ हे पुढचे मुद्दे निघतच नाहीत.

म्हणून काम कुठेही करत असाल, पाय सटकण्याची वाट बघू नका. नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, ईएसआयचा नंबर, हजेरीचा मेसेज, जे काही असेल ते आजच एका जागी जपून ठेवा.